पाचपैकी किमान एक

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. कारण विशेष काही नाही. दिव्यांच्या कारखान्यात तपासणी खात्याचा सीनियर इन्स्पेक्टर आहे, नोंद ठेवायची सवय आहे, आणि हल्ली घरात वेळ मिळतो.
परिस्थिती अशी. बायको तीन आठवड्यांपूर्वी थोरल्या बहिणीकडे गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. म्हणजे होतं. ते झालं, आता ती जिना चढते, असं खुद्द साडूंनी फोनवर सांगितलं. तरी गुडघा म्हटला की कोणीतरी जवळ लागतंच. मुलगीही आईबरोबर तिकडेच आहे, कारण तिकडून कॉलेज जवळ पडतं. तसं इथूनही जवळ आहे. तिकडून जरा जास्त जवळ.
शेजारचा पंप दुरुस्त करणारा काल जिन्यात भेटला. वहिनी कायमच्या गेल्या का, असं विचारलं त्याने. लोकांना काही विचारायचं भानच राहिलेलं नाही.

दुपारी ४.
मुलगी येऊन गेली. आता दर रविवारी येणार. अकरावीच्या गणितात संभाव्यता हा धडा तिच्या डोक्यात शिरत नाही म्हणाली. स्वतंत्र घटनांवर तर सगळंच अडतं. मी म्हटलं, बाळा, बाप कशाला आहे. आयुष्यभर दुसरं केलं काय.
सोपं उदाहरण दिलं. पहिला दिवा चांगला निघायची शक्यता नऊ दशांश, दुसरा चांगला निघायची आठ दशांश. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. दोन्ही चांगले निघायची शक्यता किती? तिने बेरीज केली. एक पूर्णांक सात दशांश. मी म्हटलं, अगं, शंभर टक्क्यांच्या वर खात्री फक्त आमच्या साहेबांना असते. इथे गुणाकार. बहात्तर टक्के. तासभर समजावलं. शेवटी कळलं तिला.
जाताना फ्रिज उघडून बघितला तिने. भूक लागली असेल. काही नव्हतं त्यात.

३ फेब्रुवारी, मंगळवार.
जेवणाच्या सुट्टीत एक कल्पना सुचली. ही परत कधी येईल याची नुसती वाट बघत बसण्यात अर्थ नाही. प्रश्न रीतसर मांडायला हवा.
दिव्यांची माळ दोन प्रकारे जोडता येते. एका पद्धतीत एक दिवा गेला की सगळी माळ बंद. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक दिव्याला वेगळी वायर, त्यामुळे एक जरी चालू राहिला तरी खोलीत उजेड. आपण दुसरी पद्धत घ्यायची. पाच वेगवेगळे प्रयत्न. प्रत्येक स्वतंत्र. पाचपैकी किमान एक लागू पडला की काम झालं.
१) पत्र. २) बाथरूमचा गळका नळ. ३) साडूंमार्फत बोलणी. ४) स्वतः स्वयंपाक करून जेवायला बोलावणं. ५) वाढदिवस.
प्रत्येकाला तीस टक्के धरले. जास्त धरता आले असते, पण मी वस्तुनिष्ठ माणूस आहे. एक प्रयत्न फसायची शक्यता सात दशांश. पाचही फसायची, सात दशांश पाच वेळा गुणून, जेमतेम सतरा टक्के. म्हणजे ही परत येणार याची शक्यता त्र्याऐंशी टक्के.
आमच्या खात्यात त्र्याऐंशीला माल पास होत नाही. पण हा माल नाही, संसार आहे. इथे थोडं सांभाळून घ्यावं लागतं.
आज बऱ्याच दिवसांनी नीट जेवलो. कँटीनमध्ये.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
पत्र टाकलं. चार पानं. पहिल्या पानावर भावना. बाकीच्या तीन पानांवर घरातल्या अडचणी, क्रमांक घालून. मीटरच्या कपाटाची किल्ली कुठे आहे, धुलाईच्या मशीनचं कुठलं बटण आधी दाबायचं, दूधवाल्याला काय सांगायचं वगैरे. आपल्यावाचून माणसाचं किती अडतं हे तिला कळायला हवं.

८ फेब्रुवारी, रविवार.
पत्राचं उत्तर आलं. मुलीबरोबर चिठ्ठी. किल्ली कॅलेंडरच्या मागे, आधी डावं बटण, दूधवाल्याला मी जानेवारीतच सांगून आले आहे की अर्धा लिटर पुरे.
कोरडी वाटते, पण उत्तर आहे. संवाद सुरू झाला. शिवाय प्रत्येक मुद्द्याला क्रमवार उत्तर दिलंय, म्हणजे पत्र शेवटपर्यंत वाचलं. पहिल्या पानाला उत्तर नाही. तिथे क्रमांक घालायचा राहिला होता.
अर्धा लिटर पुरे हे तिने जानेवारीतच कसं ठरवलं, याचा विचार करायचा होता. नंतर राहिलं.
शिकवणी झाली. नाणं पाच वेळा उडवलं, पाचही वेळा छापा. सहाव्यांदा काय? मुलगी म्हणाली, आता काटा यायलाच हवा. मी म्हटलं, इथेच सगळे फसतात. नाण्याला मागचं काही आठवत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक वेळ पहिलीच. ती म्हणाली, बाबा, परत सांग. परत सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं. शिकवायला बसल्यावर मी बरा बोलतो हे माझ्याच लक्षात आलं.

११ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ६.
नळ. हिने तक्रार केल्याला फार तर एखाद वर्ष झालं असेल. पंपवाला म्हणतो सहा. तो कशाला मोजत बसलाय कुणास ठाऊक.
मुख्य कॉक बंद करायचा असतो हे मला माहीत होतं. कुठला मुख्य, एवढाच प्रश्न होता. पाणी हॉलपर्यंत आलं. पंपवाल्याने येऊन पाच मिनिटांत बसवला. वॉशर होता फक्त, म्हणाला. सहा वर्षं एका वॉशरसाठी, असंही म्हणाला. मी हॉल पुसायला घेतला.
नळाचा फोटो काढून हिला पाठवला. वर लिहिलं, आता गळत नाही. तिने बघितल्याची खूण आली.

१५ फेब्रुवारी, रविवार.
फोटोवर अजून उत्तर नाही. नळाच्या फोटोवर माणूस लिहिणार तरी काय.
मुलीने आज चांगला प्रश्न विचारला. दोन घटना स्वतंत्र आहेत हे ओळखायचं कसं? म्हटलं, प्रश्नात दिलेलं असतं. आणि दिलेलं नसेल तर? म्हटलं, तर धरून चालायचं. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, बाबा, असं कसं धरून चालायचं. समजा दोन्हीचं कारण आतून एकच असलं तर? मी म्हटलं, तो पुढच्या वर्षीचा अभ्यास आहे. आत्ता धरून चाल.
तिने पेन परत उचललं. मग म्हणाली, बरं, पुढचं गणित सांग.
येताना डबा आणला होता. मावशीने जास्त केलं होतं म्हणे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.
साडूंना कारखान्याजवळच्या हॉटेलात चहाला बोलावलं. आमचे साडू बँकेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. मी सगळी बाजू मांडली. पाऊण तास. त्यांनी दोन चहा घेतले. मग म्हणाले, हे बघा, मी तिला काही सांगणार नाही. ती आली तेव्हा पहिले आठ दिवस नुसती झोपत होती. एवढी झोप साठलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.
म्हणजे तिची तब्येत बरी नव्हती. मला कोणी कळवायला हवं होतं.
चहाचे पैसे त्यांनी दिले. नातं टिकवायची इच्छा दिसते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार.
कारखान्यात विचित्र प्रकार. तपासणीच्या रॅकवर चाळीस दिवे लावले, चाळीसही बंद. साहेबांनी मला बोलावलं. मी तिथल्या तिथे कागदावर हिशोब मांडून दाखवला. आपल्याकडे शंभरात दोन खराब निघतात. चाळीस स्वतंत्र दिवे एकदम खराब निघायची शक्यता लिहायची तर दशांश चिन्हानंतर शून्यांनी ओळ भरते. असं घडूच शकत नाही. साहेब म्हणाले, समोर घडलंय की.
तेवढ्यात पॅकिंगच्या बाई आल्या, वाकल्या आणि रॅकच्या वायरची निघालेली पिन भिंतीतल्या प्लगमध्ये बसवली. चाळीसही लागले.
साहेब मला काही बोलले नाहीत. बाईंना मात्र शाबास म्हणाले. माझं गणित बरोबर होतं हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

१ मार्च, रविवार.
मावशीचा गुडघा आता बरा असेल, मग आई दिवसभर करते काय, असं मुलीला सहज विचारलं. आई चष्म्याच्या दुकानात कामाला लागलीय म्हणाली. महिना होऊन गेला. लोकांना फ्रेम निवडून देते. दुकानदार म्हणतो, हिच्यासारखं चेहरा बघून सांगणारं कोणी नाही.
वेळ घालवायला काहीतरी हवंच माणसाला. तात्पुरतं असणार.
पाचपैकी तीन प्रयत्न झाले. उरले दोन. आतापर्यंत तीन फसले, म्हणजे आता लागण्याची पाळी आली, असा माझा अंदाज मी बोलून दाखवला. लॉटरीचं उदाहरण म्हणून. मुलगी हळूच म्हणाली, बाबा, नाण्याला मागचं आठवत नाही ना?
हुशार आहे. माझ्यावर गेलीय.
उरलेल्या दोनांचा नव्याने हिशोब केला. एक्कावन्न टक्के. तरी अर्ध्याच्या वर आहे.

८ मार्च, रविवार. दुपारी ३.
आज हिला जेवायला बोलावलं होतं. निरोप मुलीबरोबर. सकाळी सहापासून उभा होतो. बटाट्याची भाजी, भात, काकडी. भाजी खालून लागली, पण वरचा भाग उत्तम. टेबल पुसलं. हिची खुर्ची खिडकीजवळची, त्यावर जुने पेपर साठले होते, ते उचलले. चार वर्षांपूर्वीचे निघाले खालून. म्हणजे ही बसत कुठे होती?
साडेबाराला मुलगी आली. एकटी. आईला आज दुकानात जावं लागलं म्हणाली. रविवारी दुकान बंद असतं हे तिनेच मागच्या खेपेला सांगितलं होतं. मी ताट वाढलं. तिने भाजी दोनदा मागून घेतली. लागलेला भागसुद्धा.
उरलेल्या एका प्रयत्नाचे तीस टक्के. वास्तविक वाढदिवसाला मी सुरुवातीपासून कमी धरले होते. पन्नास धरायला हरकत नाही.

११ मार्च, बुधवार.
सकाळी बरोबर सातला फोन केला. साडूंनी उचलला. म्हणाले, वाढदिवस उद्या आहे.
मला माहीत होतं. सगळ्यांच्या आधी शुभेच्छा द्यायच्या होत्या.

१२ मार्च, गुरुवार.
परत फोन. ही बोलली. दोन महिन्यांनी आवाज ऐकला. तोच आवाज, फक्त घाई नव्हती त्यात. भेट काल संध्याकाळीच पोचवली होती, आमच्याच कारखान्याचा चार्जिंगचा दिवा, लाइट गेली की आपोआप लागणारा, दोन वर्षांची गॅरंटी. दिवा चांगला आहे म्हणाली. धन्यवादही म्हणाली. तेवीस वर्षांत ही मला कधी धन्यवाद म्हणाली नव्हती.
फोन ठेवल्यावर थोडा वेळ मी आनंदात होतो. मग लक्षात आलं, धन्यवाद आपण कोणाला म्हणतो.

१३ मार्च, शुक्रवार.
बँकेत मुलीच्या गणिताच्या बाई भेटल्या. मीच ओळख दिली. म्हटलं, संभाव्यतेत कच्ची होती, पण मी दर रविवारी घेऊन बसतो, आता सुधारली असेल. बाई हसल्या. म्हणाल्या, कच्ची? त्या धड्यात तिला पन्नासपैकी एकोणपन्नास होते. वर्गातल्या मुलींना तीच शिकवते.
घरी येईपर्यंत छाती फुगली होती. माझ्या शिकवण्याला यश आलं म्हणायचं.
जिना चढताना आठवलं. ती परीक्षा कधी झाली हे बाईंनी बोलता बोलता सांगितलं होतं. डिसेंबरमध्ये. माझी शिकवणी फेब्रुवारीत सुरू झाली.
दुसऱ्या मजल्यावर थांबलो थोडा वेळ. पंपवाला वर येत होता. दम लागला का म्हणाला. हो म्हटलं.

१५ मार्च, रविवार.
आली. वही उघडली. मी गणित घातलं. दोन बसगाड्या, एक वेळेवर यायची शक्यता निम्मी, दुसरीची दोन तृतीयांश, दोन्ही वेळेवर यायची किती? तिने पेन चावलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि बेरीज केली. सात षष्ठांश.
मी बघत होतो. उत्तर लिहायच्या आधी तिने समासात बारीक एक तृतीयांश लिहून बोटाने पुसलं होतं.
मी म्हटलं, नाही बाळा, इथे गुणाकार. सावकाश समजावलं. ती मान डोलावत होती. मध्येच तिने उठून मला पाणी आणून दिलं.

२१ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५.
चष्म्याच्या दुकानात गेलो. पाच प्रयत्नांत हे नव्हतं. आज सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो.
ही एका म्हातारबाबांना आरसा धरून दाखवत होती. मला बघून दचकली नाही. दहा मिनिटं बसा म्हणाली. बसलो. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायची अक्षरं होती. शेवटच्या दोन ओळी दिसल्या नाहीत.
मग मागच्या खोलीत बोललो. मी कागद काढला. म्हटलं, मी प्रामाणिकपणे मोजलंय. तेवीस वर्षं म्हणजे जवळजवळ आठ हजार चारशे दिवस. त्यात मी चुकलो असे दिवस अकरा. तुझे वडील गेले तेव्हा ऑडिट होतं, मी तिसऱ्या दिवशी पोचलो. तुझी गाठ काढली त्या दिवशी नव्या मशीनची ट्रायल होती. असे अकरा. प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. हजारात दीडसुद्धा पडत नाही.
तिने कागद घेतला आणि नीट वाचला. मला वाटलं, पटतंय.
मग म्हणाली, गाठ काढली तो दिवस लिहिलात. तो दिवस ठीक होता, बहीण होती माझ्याबरोबर. पण रिपोर्ट आला तो दिवस यात नाही. रिपोर्ट मी टेबलावर ठेवला होता. म्हटलं, हे विचारतील तेव्हा सांगू. चार दिवस तो तिथेच होता. पाचव्या दिवशी तुम्ही त्याच्यावर पेपर ठेवलात.
मी विचारलं, काय होतं रिपोर्टमध्ये?
म्हणाली, चांगला होता. साधी गाठ होती.
सात वर्षं झाली त्याला. मला आज कळलं.
ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी सुचलं असतं. म्हणाली, पोरीने सांगितलं मला, तुम्ही तिला शिकवलंत ते. नाण्याला मागचं आठवत नाही म्हणून. तुमचं तसंच आहे. तुमच्यासाठी प्रत्येक वेळ पहिली. मला मागच्या सगळ्या आठवत होत्या. तुम्ही अकरा लिहिल्यात. माझ्याकडे ती एकच वेळ आहे, तेवीस वर्षांची. मी बोलायची आणि समोर कोणी नसायचं.
मी म्हटलं, मी तर रोज घरीच होतो.
ती म्हणाली, हो ना.
मी कागद घडी करून खिशात ठेवला. मग विचारायचं म्हणून विचारलं, परत यायची शक्यता किती. तिने बराच विचार केला. माझ्या प्रश्नाचा एवढा विचार तिने केला, याचं बरं वाटलं. मग म्हणाली, नाही. येणार नाही मी. आणि तुम्ही आता हे मोजत बसू नका.
बाहेर गिऱ्हाईक आलं होतं. ती गेली. मी मागच्या दाराने निघालो.

२२ मार्च, रविवार.
मुलगी आली होती. तिला म्हटलं, तुला संभाव्यता येते. पुढच्या रविवारपासून वही आणू नकोस. ती म्हणाली, मग मी येऊ कशाला? आणि लगेच जीभ चावली.
म्हटलं, तुझी इच्छा.
मग ती रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. वजन कमी झालंय तिचं. म्हटलं, तू जेवतेस ना नीट? ती रडता रडता हसली आणि म्हणाली, हे मी विचारायला येत होते, बाबा.

२९ मार्च, रविवार. दुपारी २.
बायको घरी आली. उरलेलं सामान न्यायला. बरोबर मुलगी, साडू आणि साडूंची गाडी.
मला वाटलं होतं की बराच वेळ लागेल. तेवीस वर्षांचं सामान. चार खोके आणि एक बॅग झाली. खोके मीच खाली नेले. साडू नको म्हणत होते. त्यांना म्हटलं, तुमच्या घरी आधीच एक गुडघा आहे. ते हसले. मीही हसलो.
शेवटचा खोका ठेवून वर आलो तेव्हा ही स्वयंपाकघरात एकटी होती. पाणी प्यायली, पेला विसळला, पालथा ठेवला. मी दारात उभा होतो. आज तयारी करून ठेवली होती. विचारलं, कशी आहेस?
ती वळली. बरी आहे, म्हणाली. आणि निघाली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली, पदराला हात पुसत, माझ्याकडे बघत. खाली साडूंनी एकदा हॉर्न वाजवला, तरी थांबली. मी काय पुढे विचारतो याची ती वाट बघत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं.
बराच वेळ गेला.
मला पुढचा प्रश्न सुचला नाही.